1978 ची पद्मिनी की 1994 ची कॉन्टेसा क्लासिक? सल्ला हवा

मु_पो_वाई : नमस्कार. आईला घेऊन अधूनमधून पुण्याहून वाईला जाण्यासाठी जुनी रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी) गाडी घ्यायची आहे. वरील दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. दुरुस्ती धरून अडीच लाखांपुढे जाणे शक्य नाही. कोणती घ्यावी?

कुर्लेकर : डोळे झाकून पद्मिनी घ्यावी. 1089 सीसीचे साधे इंजिन आहे, आणि मुंबईच्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग व ते बसवणारे जुने कारागीर अजून सापडतात. कॉन्टेसाच्या मागच्या दिव्यासाठी मी नाना पेठेपासून कुर्ल्यापर्यंत वणवण केली आहे.

घाटवाट : खंबाटकी चढायची असेल तर कॉन्टेसातले इसुझूचे 1817 सीसी इंजिन आणि पाच गिअर यांना तोड नाही. मात्र स्वस्तातली कॉन्टेसा घेऊ नका. चार-पाच लाख घालून पूर्ण काम झालेलीच घ्या. माझी तशीच आहे आणि रस्त्यात लोक थांबून पाहतात.

फियाटप्रेमी : माझेही मत पद्मिनीलाच, कारण सुटे भाग मिळतात. स्टेअरिंगजवळच्या गिअरची मजा वेगळीच आहे. शिवाय 1978 ची गाडी विंटेज म्हणून नोंदवली की आरटीओची कटकट संपते.

कागदपत्र : तसे नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडीच विंटेज ठरते, आणि तशी नोंद झाल्यावर ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यापेक्षा पुनर्नोंदणीची मुदत, पर्यावरण कराची पावती आणि चासी क्रमांक तपासावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप लवकर खराब होतात, म्हणून ते आधी बदलावेत. पायाखालची मॅट उचलून पत्रा पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

फियाटप्रेमी : पन्नास वर्षे व्हायला आता उरलीत किती? तरीही पद्मिनीच.

मु_पो_वाई : सर्वांचे आभार. मॅट उचलून पाहिली. पद्मिनीच्या चालकाच्या पायाखाली पुट्टीवर रंग मारलेला होता आणि स्क्रूड्रायव्हर टेकवताच तो आरपार गेला. कॉन्टेसाचा रंग उडालेला असला, तरी खालचा पत्रा टणक आहे, कागद चोख आहेत, आणि मागच्या सीटवर आईला पाय लांब करून बसता आले. त्यामुळे तुम्हा सर्वांच्या मताविरुद्ध ही स्वस्तातली कॉन्टेसाच घेतली आहे. पाइप बदलायला टाकले आहेत. कुर्लेकर, तो मागचा दिवा शेवटी कुठे मिळाला ते कळवावे. उजव्या बाजूचा फुटलेला आहे.