मदत हवी आहे: नहपानाचं नाणं खरं की ओतीव (साच्यात ओतलेलं बनावट)?

संग्रहातलं पहिलंच नाणं घेतलंय. क्षत्रप राजा नहपानाचं चांदीचं, त्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला; नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 साली नाणी सापडली त्या प्रकारचं. वजन 2.1 ग्रॅम. राजाच्या गालावरच उज्जैन चिन्ह (अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं) उमटलंय, मागे वज्र आणि बाण. चुंबकाला चिकटत नाही (पण तांबंही चिकटत नाही म्हणा). सोनार घासून बघतो म्हणाला, मी नको म्हटलं. चिंचेने वगैरे धुतलेलं नाही.

शंका कडेची आहे. भिंगातून कडेवर बारीक सलग रेघ दिसते, एका जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे. विक्रेता आठवडाभरातच परत घेणार, त्यामुळे घाई. ही रेघ साच्याच्या जोडाची, की दुसऱ्यांदा ठसा मारतानाही अशी पडते?