आधी वही, मग नोटिफिकेशन

डोकं शांत ठेवायचं तर फोनवरची नोटिफिकेशन सरसकट बंद करा, असं सांगतात. सल्ला चांगलाच आहे. पण ज्यांचं कामच व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं त्यांना तो झेपत नाही. मी नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम बघते. ठाण्याला नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची लोकल पकडेपर्यंत पाच ग्रुपवर मेसेजचा ढीग पडलेला असतो. गेल्या वर्षी तर घणसोलीला उतरायचं सोडून दोनदा तुर्भ्याला पोचले, इतकं डोकं भणभणलेलं.

मला तारलं ते साध्या दोनशे पानी वहीने. लोकलमध्ये जागा मिळाली की डोक्यात घोळणारं सगळं उतरवून काढते: ई-वे बिलात (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यात) गाडी नंबर बदलणे, ट्रान्सपोर्टरचा हिशोब, आईच्या गोळ्या. अर्धवट कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. पण नुसती यादी करून भागत नाही. मासिकँपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत, काम न करताही ते कधी आणि कसं करायचं हे पक्कं ठरवल्यावर मनातली टोचणी कमी झाली. म्हणून मी प्रत्येक ओळीपुढे वेळ टाकते: 'बिल, ११ च्या चहाआधी.' हा फरक खरंच फार मोठा आहे, करून बघा.

ऑफिसात एवढंच ठरवून घेतलं, की मालाची गाडी गेटवर अडली असेल तर थेट फोन करायचा. बाकीचे मेसेज मी तासाने बघते. साहेबांना पटवायला आठवडा लागला, पण आता तेही फोनच करतात.