मदत हवी आहे: टोकियोत उकियो-एचे ओरिजिनल प्रिंट कुठे बघू?

मंडळी, आईला घेऊन टोकियोला चाललोय, हातात मंगळवारची एकच दुपार आहे आणि उकियो-ए म्हणजे जुने जपानी वुडब्लॉक प्रिंट (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली चित्रं) बघायचेत, पण ओरिजिनलच. रयोगोकूच्या सुमिदा होकुसाई म्युझियमचं बघितलं तर तिथल्या कायमच्या प्रदर्शनात रेप्लिका असतात, मूळ प्रिंट स्पेशल प्रदर्शनात (उजेडाने रंग उडतात म्हणून सतत टांगत नाहीत, ते पटलं). दुसरं हाराजुकूचं ओता मेमोरियल म्युझियम, तिथे साधारण दर महिन्याला प्रदर्शन बदलतं आणि मधले काही दिवस बंद, तारखा चेक केल्यात, आम्ही असू तेव्हा चालू आहे.

होकुसाईचं ते प्रसिद्ध चित्र 'कानागावाची लाट'च दिसलं पाहिजे असा हट्ट नाही, पोस्टरवर हजारदा बघून झालंय. मला हिरोशिगे या चित्रकाराच्या प्रिंटमधला पाऊस, आकाशातली ती हळूहळू फिकट होत जाणारी शाई, कागदावर ठोकळ्याने उठलेला दाब हे जवळून बघायचंय. आईचे गुडघे दुखतात, तासभर उभं राहणं जमणार नाही, जपानी दोघांनाही येत नाही.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा, ओतामध्ये काचेच्या किती जवळ जाता येतं, आत बसायला बाक आहेत का, आणि छोटं भिंग वापरलेलं चालतं का?