पायाच्या नखाची बुरशी: तीन महिने गोळ्या घ्याव्या की नकोत? (शुगर आहे)

रंगाईवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. वय 52. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवायच्या खात्यात 24 वर्षं झाली. फरशीवर कायम पाणी, आठ-आठ तास पायात गमबूट. उन्हाळ्यात बाहेर 42-43 आणि आत वाफ, बूट काढला की मोजे पिळावे लागतात.

उजव्या अंगठ्याचं नख पाच-सहा वर्षांपूर्वी कोपऱ्यातून पिवळं पडायला लागलं. बुटात कोण बघतंय म्हणून सोडून दिलं. आता ते चिंचोक्यासारखं जाड झालंय. नेलकटरच्या तोंडात मावत नाही, खालनं पांढरा भुगा पडतो. शेजारच्या दोन बोटांनाही लागलंय. आई म्हणायची नख किडलंय, हळद लाव. लावली. मेडिकलमधनं ट्यूब आणली, एक नाही तीन संपवल्या. कुणीतरी व्हिनेगरमध्ये रोज अर्धा तास पाय बुडवायला सांगितलं. आमच्याकडं नळ चार दिवसांआड. पाय बुडवायला टब भरतोय म्हटल्यावर बायकोनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

गेल्या दिवाळीत शुगर निघाली. कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिनपण चालू आहे. शुगरच्या डॉक्टरांनी पाय बघून स्किनवाल्यांकडं धाडलं. तिथं दोन मिनिटांत चिठ्ठी: टर्बिनाफिन 250, रोज एक, 12 आठवडे. रक्त नाही, नखाची तपासणी नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, नखासाठी लिव्हर घालवून घेताय काय? चिठ्ठी आठ दिवस टीव्हीखाली पडून आहे.

आमच्या पाळीतल्या एकाला महिन्यातला एकच आठवडा घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. तसं मागून घेऊ का? का नुसतं नखाला लावायचं औषध पुरेल? का लेझर? दुखत काहीच नाही, म्हणून मन होत नाही.

बाळीवेसकर

अण्णा, लेझरचं माझ्या मेहुण्याला विचारा. पुण्याला चार वेळा गेला, एसटीचं भाडं वेगळं. नख होतं तसं आहे, फक्त आता ते महागाचं नख आहे. 😀 गोळ्यांइतका भरवसा लेझरचा नाही असं त्याला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर!

सातरस्ता_बाई

दादा, मी निवृत्त शिक्षिका, वय 63. माझं ऐकून मग काय ते ठरवा.

माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं अशीच जाड, पिवळी. डॉक्टरांनी नुसती बघून बुरशी सांगितली आणि हीच गोळी दिली. दुसऱ्या महिन्यात तोंडाची चव गेली. शेंगाचटणी लाकडाच्या भुश्यासारखी लागायची. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढ्यावर माझं आयुष्य गेलंय, तेव्हा हे छोटं दुःख समजू नका. तरी तीन महिने पुरे केले. नखं जशीच्या तशी. मग आणखी दीड महिना घेतल्या.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नखाआधी माझी कोपरं बघितली, केसांत बोटं घालून टाळू बघितली आणि विचारलं, "हे खवले किती वर्षं आहेत?" मी त्याला कोंडा समजत होते. नखाचा तुकडा लॅबला गेला, त्यात बुरशी नव्हतीच. सोरायसिस होता. म्हणजे साडेचार महिने मी नसलेल्या रोगाची गोळी खाल्ली. चव हळूहळू परत आली, त्याला दोन-अडीच महिने लागले.

ते डॉक्टर म्हणाले, अशा खराब नखांपैकी निम्म्यांत जेमतेम बुरशी सापडते. बाकी सोरायसिस, बुटाचा सततचा मार, जुनी इजा, आणखी काहीबाही. तुमच्या बाबतीत गमबूट आणि भुगा म्हणजे बुरशीच असेल, मलाही तसंच वाटतं. पण वाटण्यावर 84 गोळ्या का घ्याव्यात?

तपासणी अगदी साधी आहे. नख कापून त्याच्या खालचा, जितक्या आतला मिळेल तितक्या आतला भुगा खरवडून घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रिपोर्टवर केओएच लिहितात. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं, सांगितलं तर तीन-चार आठवडे थांबावं लागतं. एकदा निगेटिव्ह आलं म्हणून बुरशी नाहीच असंही नसतं, नमुना नीट घेतला नाही तर हुकतं. आणि ट्यूब लावत असाल तर नमुन्याआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारून घ्या. सिव्हिलच्या स्किन ओपीडीत सकाळी लवकर नंबर लावा.

औषधदुकान_बार्शी

बाईंनी मुद्द्याचं लिहिलंय. मी काउंटरच्या अलीकडचं सांगतो, 19 वर्षं दुकान आहे.

मालक, तुमच्या तीन ट्यूबा वाया गेल्या त्यात नवल नाही. ट्यूब कातडीसाठी असते, चिंचोक्यातून आत जाणार कशी? नखासाठी वेगळं लाखेसारखं औषध येतं, नेलपॉलिशसारखं लावायचं. अमोरोल्फिन 5 टक्के, आठवड्यातून एक-दोनदा, आधी नख कानशीनं घासून. पायाच्या नखाला नऊ महिने ते वर्ष लागतं. पण ते थोडंच नख खराब असेल आणि मुळापर्यंत गेलेलं नसेल तेव्हा. तुमची तीन बोटं आणि इतकी जाडी, नुसत्या लाखेवर भागेल असं वाटत नाही. गोळीसोबत लावायला डॉक्टर देतात कधीकधी.

आता पाळीतल्या भावाची गोळी. ती बहुतेक इट्राकोनॅझोल. महिन्यातला एक आठवडा दिवसाला दोनदा 200 मिग्रॅ, मग तीन आठवडे सुट्टी, असं तीन महिने. ऐकायला सोयीचं. पण ती अटोरवास्टॅटिनशी भांडते, रक्तात स्टॅटिन वाढतं आणि स्नायूंना त्रास होऊ शकतो. हृदय कमजोर असलेल्याला तर ती देतच नाहीत. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर त्या कॅप्सूल अंगी नीट लागत नाहीत. तेव्हा तुम्हाला टर्बिनाफिन लिहिली ती उगाच नाही. डॉक्टर बोलले कमी, पण लिहिलं बरोबर. मात्र इतर गोळ्यांची सगळी यादी त्यांना दाखवा. बीपीची किंवा मन शांत राहायची एखादी गोळी असेल तर टर्बिनाफिनचंही काहींशी जमत नाही.

वहिनींची भीती खोटी नाही. लिव्हरला गंभीर इजा होते, पण क्वचित. म्हणून सुरू करण्याआधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायची. आधीपासून लिव्हरचा आजार असेल तर ही गोळी नको. मध्येच भूक मेली, मळमळ थांबेना, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्या दिवशीच गोळी बंद आणि डॉक्टरकडे. रात्रीची वाट बघायची नाही.

आणि एक. माझ्याकडं रोज कुणीतरी "ती तिन्ही मिसळलेली ट्यूब द्या" म्हणत येतं. त्यात बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मजेत वाढते. तुमच्या तीनपैकी एखादी तसली होती का ते रिकाम्या खोक्यावर बघा.

दुखत नाही म्हणता, पण शुगर आहे. जाड नखाच्या दाबानं खाली जखम झाली तर ती तुम्हाला कळेलच असं नाही. ब्लेडनं कोरू नका. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर त्याही बऱ्या करा, नाहीतर नख सुधारलं तरी तिथनं परत लागतं.

रंगाईवाला_सोलापूर

बाई, बार्शीचे मालक, लई उपकार. खोकं सापडलं. होतं स्टेरॉइड. 🙏

रंगाईवाला_सोलापूर (पाच आठवड्यांनी)

सिव्हिलला गेलो. केओएच पॉझिटिव्ह, एलएफटी नॉर्मल. कल्चरलाही नमुना गेलाय. रिपोर्ट बायकोच्या हातात दिला, तिनं स्वतः गोळीची पट्टी आणून दिली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय धरून दहा मिनिटं बघितले, बेचक्यांसाठी वेगळं मलम दिलं. खात्यात सांगून दुसरा गमबूट जोड घेतला, एक दिवस हा, एक दिवस तो. दुपारच्या सुट्टीत मोजे बदलतो. पोरं हसलालेत, हसू देत.

एक विचारायचं राहिलं. महिना होत आला, नख तसंच दिसतंय. गोळी लागू पडत नाही का?

सातरस्ता_बाई

दादा, खराब झालेलं नख परत चांगलं होत नसतं, ते पुढं सरकून कापलं जातं. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटर वाढतं, त्यातही वय आणि शुगर. पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष. 12 आठवड्यांनी गोळ्या संपतील तेव्हाही अर्ध्याहून जास्त नख जुनंच असेल, औषध नखात पुढं बरेच दिवस राहतं. आणि खरं सांगायचं तर एवढं करून सगळ्यांचंच नख पूर्ण स्वच्छ होत नाही. डॉक्टरबाईंना सांगून चांगलं आणि खराब नख जिथं भेटतं तिथं कानशीनं बारीक खाच पाडून घ्या. खराबी खाचेच्या मागं आली नाही तर ठीक चाललंय.

चव कशी आहे?

रंगाईवाला_सोलापूर (गोळ्या संपल्यावर)

चव शाबूत. खाच 4 मिलिमीटर पुढं गेली, पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजली. खाचेच्या मागचं नख गुलाबी आहे. शेजारच्या एका बोटाचं मात्र ढिम्म हललेलं नाही. पुढच्या तारखेला डॉक्टरबाईंना दाखवतो.