आत किती माणसं आहेत ते दारावरच लिहा की!

मोजपट्टी
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाचनालय, पोहण्याचा तलाव, दवाखान्याची ओपीडी, बस, उद्यान, जी जी जागा लोकांच्या पैशातून चालते तिथे आत्ता किती गर्दी आहे हे सेन्सरने मोजावं आणि दारावरच्या फलकावर, मोबाईलवर सगळ्यांना फुकट दिसावं. यात आता अवघड असं काही उरलेलं नाही. सिंगापूरमध्ये येणारी बस किती भरलीय हे ॲपवर रंगावरून कळतं: बसायला जागा आहे, उभं राहायला आहे, की उभं राहायचीही मारामार आहे. जपानच्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने २०१४ पासून टोकियोच्या यामानोते मार्गावर कुठला डबा किती भरलाय हे ॲपवर दाखवायला सुरुवात केली. त्यासाठी कॅमेरेसुद्धा लागले नाहीत. ब्रेक किती जोराने लावायचा या हिशोबासाठी डब्यावरचा भार गाडीला तसाही मोजावा लागतो, तोच आकडा प्रवाशांपर्यंत पोचवला.

गूगल तर २०१६ पासून दुकानं-हॉटेलं आत्ता किती गजबजलेली आहेत हे आपल्याच फोनच्या ठावठिकाण्यावरून दाखवतंय. म्हणजे गर्दीची खबर खाजगी कंपनीकडे, आणि ज्यांच्या अंगणात ही गर्दी जमते त्यांनी हाताची घडी घालून बसायचं? उफराटा न्याय आहे हा. विरोधकांनी यावं, वाट बघतोय.

उलटतपासणी
आलो.

मोजायला म्हणून आलेलं यंत्र मोजण्यावर थांबत नाही, हा माझा आक्षेप. लंडनमध्ये २०१३ साली रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये एका जाहिरात कंपनीने वायफाय टिपणारी यंत्रं बसवली होती. शेजारून जाणाऱ्या फोनची ओळख पेटी नोंदवून ठेवायची. बातमी फुटली तेव्हा तिथल्या पालिकेने, सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने, ते बंद करायला लावलं. हे झालं चोरीछुपे.

आता राजरोस केलेलं बघा. २०१६ च्या अखेरीस लंडनच्याच भुयारी रेल्वेने ५४ स्थानकांवर चार आठवडे प्रवाशांच्या फोनचे वायफाय संकेत गोळा केले. स्थानकांवर तशा पाट्या लावल्या होत्या, ओळखी पुसल्या होत्या, हे मान्य. पण निष्कर्ष काय निघाले? किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जायला लोक १८ वेगवेगळे मार्ग धरतात! ही काही गर्दीची मोजणी नव्हे, हा माग आहे. नियोजनाला उपयोगी असेल, नाही म्हणत नाही. पण "किती माणसं" विचारायला गेलं की "कोण, कुठून, कुठे" हे पाठोपाठ येतंच. आज नेक हेतूने, उद्या कुणाच्या हातात जाईल देव जाणे.

तारायंत्र
अशी यंत्रं बसवणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वर दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

फोन पकडून मोजणं ही एक जात. उलटतपासणी म्हणतात तो धोका खरा आहे, उलट त्यांना वाटतो त्याहून जास्तच. "आम्ही फोनचा पत्ता सांकेतिक करून ठेवतो" असं विक्रेते छातीठोक सांगतात. पण हा पत्ता, म्हणजे वायफायसाठी प्रत्येक फोनला मिळालेला ओळख-क्रमांक, ४८ बिटांचा असतो आणि त्यातला पहिला अर्धा भाग साधारणपणे कंपनीवरून ठरतो. उरलेल्या शक्यता एकेक करून संगणकाला तपासायला लावल्या की सांकेतिक रूपावरून मूळ पत्ता काढता येतो. वर गंमत अशी की या पद्धतीने आता धड मोजताही येत नाही. ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून आणि अँड्रॉइडने १० व्या आवृत्तीपासून फोनला खोटे, बदलते पत्ते द्यायला सुरुवात केली. एकच माणूस तासाभरात पाच माणसं होऊन बसतो. या जातीच्या यंत्रांवर पैसे घालणाऱ्याला मी तरी थांबवीन.

दुसरी जात आंधळी आहे. दारातले अवरक्त किरण, छताला लावलेले उष्णता टिपणारे सेन्सर, अंतर मोजणारे सेन्सर. उष्णतेच्या साध्या सेन्सरमध्ये आठ बाय आठ, म्हणजे अवघे ६४ ठिपके असतात. त्यात चेहरा सोडा, माणूस बसलाय की उभा आहे हेही नीट कळत नाही. गरम ठिपका दिसतो, बस. काही ठिकाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजून अंदाज बांधतात. तो मात्र वरातीमागून घोडं: लोक निघून गेले तरी हवा बदलेपर्यंत आकडा चढलेलाच, आणि कुणी खिडकी उघडली की भरलेली खोली रिकामी दिसायला लागते.

या आंधळ्या यंत्रांचं खरं दुखणं वेगळंच आहे. दारावर आत जाणारे अधिक, बाहेर येणारे उणे, असा हिशोब चालतो. दोघं खांद्याला खांदा लावून गेले की एकच मोजला जातो. कडेवरचं मूल कधी धरतं, कधी नाही. कुणी उंबरठ्यातच उभं राहून गप्पा हाणायला लागलं की यंत्र गोंधळतं. एकेक चूक बारीक असते, पण ती पुसली जात नाही, पुढच्या आकड्यात साठत जाते. रात्री कुलूप लावताना रिकाम्या दालनात १४ माणसं दिसतात. नाहीतर उणे ६! म्हणून रोज मध्यरात्री आकडा शून्यावर आणावा लागतो. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

सांजवात
उणे ६ माणसं 😂 तीच खरी निवांत बसून वाचत असणार.

पण मोजपट्टी, यंत्र अगदी अचूक आहे असं धरून चाललं तरी तुमची कल्पना स्वतःच्याच पायात पाय घालते. अर्थतज्ज्ञ ब्रायन आर्थर यांनी १९९४ मध्ये 'एल फारोल'चं कोडं मांडलं होतं. गावात शंभर लोक, एक बार. साठापेक्षा कमी आले तर मजा, जास्त आले तर वैताग. सगळ्यांना वाटलं "आज रिकामा असेल" तर सगळेच जातात आणि बार भरतो. सगळ्यांना वाटलं "भरेल" तर कुणीच फिरकत नाही. जो अंदाज सगळ्यांना पटतो तो पटल्यामुळेच खोटा ठरतो. तुमच्या फलकावरचा 'रिकामं आहे' सांगणारा हिरवा दिवा म्हणजे तोच अंदाज, फक्त सरकारी शिक्क्याचा.

मोजपट्टी
@सांजवात, कोडं छान आहे, पण इथे लागू नाही. त्या कोड्यातल्या लोकांना गेल्या काही आठवड्यांची हजेरी ठाऊक असते, आजचा आकडा नसतो. तोच तर मी दारावर लिहा म्हणतोय. शिवाय सगळे जण एकाच क्षणी फलक बघून एकाच क्षणी निघत नाहीत. चार लोक वळले की आकडा हलतो, पाचव्याला नवा दिसतो.

सांजवात
आणि पाचवा घरून निघून पोचेपर्यंत अर्धा तास जातो, त्याचं काय? दारात उभं असताना आकडा खरा, पण तेव्हा तो बघून फायदा काय, आत डोकावलं तरी कळतंच. घरी बसून बघावा तर तो शिळा. पोचेपर्यंत काय होईल ते हवं असेल तर भाकीत करावं लागेल, आणि भाकीत म्हटलं की आलंच माझं कोडं.

रांगेतला
हे सगळं ज्यांना वेळ निवडता येते त्यांच्यासाठी चाललंय. ओपीडी ठराविक दोन तास उघडी. कामाला जायची बस एकच. मला फलक लाल दिसला काय नि हिरवा दिसला काय, मी त्याच वेळी त्याच रांगेत. ज्याला रिकामपण आहे तो आकडा बघून मोकळ्या वेळेत जाऊन येणार, आणि गर्दी आमच्यासारख्यांच्या माथी.

दुसरं, हे मला जास्त खुपतं. आज खिडकीवर बोंब मारली की निदान साहेब बाहेर येऊन बघतात. उद्या म्हणतील, "ॲपवर लाल होतं ना, मग आलात कशाला?" जागा वाढवायची जबाबदारी त्यांची होती. ती अलगद आमच्या गळ्यात पडली.

मोजपट्टी
@रांगेतला, आकडा नसेल तर साहेब "रोज एवढी गर्दी नसते हो" म्हणून मोकळे होतात. वर्षभराचे तासागणिक आकडे उघड असले तर असं म्हणायची सोय राहत नाही. दुसरी खिडकी मागायला पुरावा लागतो, तो हाच.

रांगेतला
पुरावा हवाय तो मिळाल्यावर हलणाऱ्याला ना? न हलणाऱ्याला काय करायचाय?

पायरी
माझ्या मुलाला स्वमग्नता आहे. गोंगाट, धक्के, अनोळखी अंगं जवळ आली की तो कोसळतो, आणि मग दोन दिवस घर त्यातून सावरत असतं. तुम्ही दहा मिनिटं वाचवायचं बोलताय. माझ्यासाठी प्रश्न "जायचं की नाहीच जायचं" असा असतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला भरलेल्या बसमध्ये कुणी घेत नाही, त्याचंही तेच. आकडा शिळा, चुकीचा, थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल. "बरीच गर्दी" एवढं कळलं तरी आम्ही अर्ध्या वाटेतून परतणार नाही.

@रांगेतला, तुमचा राग कळतो. पण तुम्हाला उपयोग नाही म्हणून आम्हालाही नको, हे कसं?

पाणवठा
कुणीच सुरक्षिततेवर बोललं नाही म्हणून लिहितो. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलच्या इतेवॉन भागात, २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री एका अरुंद उताराच्या गल्लीत चेंगरून दीडशेहून जास्त जीव गेले. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने चालत नाही, गर्दी त्याला वाहून नेते. लोक बहुतेक वेळा पायाखाली तुडवून नव्हे, उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात. हे डोळ्यांना वेळेत दिसत नाही, कारण आत अडकलेल्याला फक्त पुढची पाठ दिसते. वरून मोजणारं यंत्र मिनिटामिनिटाला घनता सांगू शकतं. एवढ्या कारणासाठी तरी विरोधकांनी हट्ट सोडावा.

उलटतपासणी
@पाणवठा, तुमचंच उदाहरण घेतो. त्या रात्री संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पोलिसांना पहिला फोन गेला होता, दुर्घटनेच्या जवळपास चार तास आधी. "इथे चेंगराचेंगरी होईल" असं सांगणारे असे ११ फोन गेले. माहितीचा दुष्काळ नव्हताच. माणसं ओरडून सांगत होती, तिथे सेन्सरचा आकडा कुणी मनावर घेतला असता?

तारायंत्र
दोघांच्या मध्ये पडतो. फोन करणाऱ्याचं ऐकणं-न ऐकणं माणसावर असतं. ठराविक घनता ओलांडली की प्रवेश थांबवायचा, असा लेखी नियम असेल तर चालढकलीला वाव कमी. पण नियम घनतेचा हवा, एकूण आकड्याचा नव्हे. मैदानात पाच हजार माणसं म्हणजे सरासरी आरामशीर, आणि त्याच वेळी जिन्याच्या तोंडाशी श्वास घ्यायला जागा नाही, असं होतं. फलकावरचा एकच मोठा आकडा तिथे फसवतो.

आणि मोजपट्टी, निविदेत एक ओळ नक्की घालायला सांगा: यंत्र बंद पडलं तर "माहिती नाही" असं दिसावं. बंद यंत्र शून्य दाखवतं, लोक ते "रिकामं" म्हणून वाचतात आणि तिथेच लोटतात.

उलटतपासणी
अजून एक ओळ घाला. आंधळं यंत्र, चेहरा नाही, फोन नाही, सगळं कबूल. रात्री साडेदहाला उद्यानाच्या फलकावर "१" दिसतो. आता सांगा, त्या एकट्या माणसाची खाजगी बाब उरली का? घरी बसून कुणालाही कळतंय की तिथे एकच जण आहे.

तारायंत्र
रास्त आहे. म्हणून दहाच्या खाली आकडा दाखवायचाच नाही, नुसतं "कमी" लिहायचं, असं मी सुचवतो. बहुतेक जण ऐकतात.

पायरी
थांबा, मला तर रात्री नेमकं तेच कळायला हवंय. उद्यानात आठ-नऊ माणसं असली तर मी त्या वाटेने जाते, अगदी ओस असेल तर वळसा घालते. दोन्हीला "कमी" लिहिलंत तर मी काय समजायचं?

उलटतपासणी
@पायरी, ओस आहे हे तुम्हाला दिसतं तसं तिथे दबा धरून बसणाऱ्यालाही दिसतं, आणि तुम्ही आत शिरल्यावर त्याला "१" दिसतो.

पायरी
तो तिथेच बसलेला असेल तर त्याला फलक कशाला लागतो? फलक मला लागतो, मी अजून घरी आहे.