आयर्लंडमधले पूर्वज: दफनाच्या आणि पॅरिशच्या नोंदी कुठून बघायच्या?

मैत्रेयी_बॉस्टन: सासऱ्यांच्या पणजोबांचं मूळ गाव शोधतेय. आडनाव वॉल्श, कॅथलिक, काउंटी मेयो, जन्म अंदाजे 1858. 1880च्या सुमारास बॉस्टनला आले, वारलेही इथेच. मेयोतल्या दफननोंदींवरून त्यांच्या आईवडिलांचा माग लागेल का? पैसे भरायचे तर कुठे?

जुनी_दप्तरं: दफनापासून सुरुवात नको. तिकडच्या कॅथलिक रजिस्टरांत बाप्तिस्मे आणि लग्नं असतात. दफनं क्वचित, आणि तीही जास्त करून उत्तरेकडे. सरकारी मृत्युनोंद 1864 पासून आहे, पण तिच्यात ना आईवडिलांची नावं, ना पुरल्याची जागा. गरिबांच्या थडग्यावर बहुधा बिननावाचा धोंडाच.

तुम्हाला आधी टाउनलँड हवं, म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा. देशात साठ हजारांवर आहेत. नुसतं ‘मेयोचे वॉल्श’ म्हणजे कोल्हापूरचे पाटील झाले! हा पत्ता मिळाला तर बॉस्टनमध्येच मिळेल. मॅसॅच्युसेट्सच्या मृत्युनोंदीत आईवडिलांची नावं असतात, ती आजच काढा. आईचं माहेरचं आडनाव कळलं की अर्धं काम झालं. मग लग्नाची चर्चमधली नोंद: बॉस्टन आर्चडायोसीसची (तिथल्या कॅथलिक चर्चच्या प्रांताची) जुनी रजिस्टरं ‘अमेरिकन अँसेस्टर्स’ या साइटवर आहेत. थडग्याच्या दगडाचा फोटोही मिळवा, त्यावर काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि कधी कधी पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर) सुद्धा कोरलेला असतो.

निळी_शाई: पॅरिश कळला की डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीची साइट. साधारण 1880 पर्यंतच्या रजिस्टरांचे फोटो फुकट आहेत, फक्त नावाने शोधता येत नाही. त्यासाठी ‘फाइंडमायपास्ट’ किंवा ‘रूट्सआयर्लंड’. दुसरं पैसे घेतं, पण यादी तयार ठेवून एकच महिना घ्या, पुरतो.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक, सिव्हिल (सरकारी) पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश वेगळे, नावंही बऱ्याचदा वेगळी. लायब्ररीच्या साइटवरचा नकाशा बघून खात्री करा. दुसरं, पानं पुष्कळदा लॅटिनमध्ये. जेम्स म्हणजे ‘याकोबस’, आणि बापाचं नाव म्हणून आला की ‘याकोबी’. विल्यम म्हणजे ‘गुलिएल्मस’. शेवटी ‘स्प.’ किंवा ‘सस.’च्या पुढे दोन नावं दिसतील, ते धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाचे मानलेले आईबाप. ती नावं उतरवून घ्याच. बहुतेक वेळा मामा, आत्या, काका निघतात. एकाच पॅरिशमध्ये चार जेम्स वॉल्श भेटले तर या धर्मपालकांवरूनच आपला कोणता ते ठरतं.

पावसाळी: पण 1922 मध्ये डब्लिनला सगळं जळालं ना?

जुनी_दप्तरं: जळालं ते सरकारी दप्तरखान्यातलं: 1821 ते 1851च्या जनगणना (थोडे तुकडे वाचले) आणि चर्च ऑफ आयर्लंडची निम्म्याहून जास्त रजिस्टरं. कॅथलिक रजिस्टरं पाद्र्यांकडेच होती, वाचली. मेयोची अडचण निराळी. बऱ्याच पॅरिशांत नोंदीच उशिरा सुरू झाल्या, मधली पानंही गहाळ. पहिली नोंद कोणत्या सालची, हे आधी बघा, नाहीतर नसलेल्या पानांत महिना जाईल.

निळी_शाई: वयावर विसंबू नका. 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागलं आणि 1901 ते 1911 या दहा वर्षांत कित्येक जण पंधरा वर्षांनी म्हातारे झाले! या दोन्ही जनगणना नॅशनल आर्काइव्ह्जवर फुकट आहेत. मागे राहिलेली भावंडं तिथे सापडतात. जन्मसाल दोन्हीकडे पाच वर्षं मोकळं सोडून शोधा.

मैत्रेयी_बॉस्टन: मृत्युनोंद मिळाली. आई ‘डेलिया’, माहेरचं आडनाव मोरन. बाप्तिस्म्यांत डेलिया एकही नाही.

जुनी_दप्तरं: ब्रिजेट शोधा, ताई. डेलिया, बिडेलिया, बिडी ही सगळी तिचीच नावं. मुलाचं नाव रिकामं सोडा, वॉल्श आणि मोरन अशी दोन आडनावं टाका, 1850 ते 1870. सगळी भावंडं एकदम समोर येतील. 1864 नंतरच्या भावंडांच्या जन्मनोंदीची प्रत ‘आयरिशजिनिऑलॉजी’वर फुकट उघडते, आणि जन्मठिकाणाच्या रकान्यात टाउनलँड लिहिलेलं असतं. नोंदीतल्या जन्मतारखेआधीच बाप्तिस्मा झालेला दिसला तर दचकू नका. नोंदीला उशीर झाला की दंड बसायचा, म्हणून लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत.