'तुरळक' म्हणजे नक्की किती? आणि वळीव अन् अवकाळी एकच का?

काल दुपारी हवामान खात्याचा मेसेज आला, 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह विजांचा कडकडाट, हलका ते मध्यम पाऊस व सोसाट्याचा वारा'. तुरळक म्हणजे पडतील चार थेंब असं धरून मी गच्चीवरच्या कुरडया तशाच ठेवल्या आणि पाचच्या सुमाराला जे काय झालं ते विचारू नका, दोन कुरडया अजून शेजारच्या पत्र्यावर आहेत. शब्द चुकला की मी? आणि बातम्यांत याला अवकाळी म्हणत होते, आमच्याकडे मे महिन्यातला तो वळीव.

सांगलीकर:
तुम्ही चुकलात :) तुरळक हे ठिकाणांना लागलंय हो, पावसाला नाही. विभागातल्या पाऊस मोजायच्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पडणार असेल तर तुरळक ठिकाणी, २६ ते ५० असेल तर काही ठिकाणी. किती पडणार ते 'हलका ते मध्यम' मध्ये आहे. म्हणून 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हेही बरोबरच, ते तुरळक ठिकाण तुमची गच्ची निघाली एवढंच.
आणि वळवाला अवकाळी म्हटलेलं मला तरी पटत नाही. अवकाळी म्हणजे काळ सोडून आलेला, फेब्रुवारीत द्राक्षं भरलेली असताना पडतो तो. वळीव त्याच्या वेळेवरच येतो की, नांगरून टाकलेल्या रानातली ढेकळं त्यानेच विरघळतात, आजोबा वाट बघत बसायचे.

नाशिकवाली:
आमचा उन्हाळ कांदा तेव्हा काढून शेतात पडलेला असतो, आम्हाला कसला वळीव!

सांगलीकर:
तेही खरंय. पण वळीव दुपारी तापून येतो, तासाभरात झोडपून जातो आणि परत ऊन. २०२५ च्या मेमध्ये जे दिवसेंदिवस चाललं आणि २६ तारखेला मान्सूनच मुंबईत आला, त्याला वळीव कोण म्हणेल?

पुण्यातून:
याच निमित्ताने, फ्लॅश फ्लडला, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराला, काय म्हणायचं? ढगफुटी नको, ती म्हणायला तासात १०० मिमी लागतो, बातमीवाले कशालाही म्हणतात. शिवाय ढगफुटी म्हणजे पाऊस, पूर नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलं तसं पाणी, त्याला शब्द हवाय.

सांगलीकर:
आमच्यात म्हणतात, वरच्या अंगाला पाऊस झाला, ओढ्याला लोंढा आला. आपल्या डोक्यावर थेंब नसतानाही येतो, हे त्या 'वरच्या अंगाला'त आलंच.

पुण्यातून:
सरकारी कागदात 'आकस्मिक पूर' असतं. 'लोंढ्याचा इशारा' चालेल?

नाशिकवाली:
पळेल. आमच्या आत्याला लगेच कळेल, आकस्मिक म्हटलं की तिला वाटतं कोणीतरी गेलं.